मंद गतीचे गिअर : लहान जीपगाडीतील ट्रान्सफर केस

बैलगाडी दगडधोंड्यांच्या चढणीला लागली की बैल थांबतो, खांदा देतो, एक पाऊल टाकतो आणि पुन्हा थांबतो. पाऊल पुढे पडत नसतानाही त्याचे सारे बळ जोखडावर असते. पेट्रोलच्या इंजिनाला ही सोय नाही. मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांच्या खाली ते सुरळीत चालत नाही, त्याहून मंद केले तर आचके देऊन बंद पडते. गाडीला मात्र खडकावर माणसाच्या चालीपेक्षाही हळू जावे लागते. या दोन गरजांमधील अंतर चालक क्लच अर्धवट दाबून भरून काढतो. त्याची किंमत क्लचची प्लेट देते, आणि जळक्या वासाने ती तशी कळवतेही. हे अंतर क्लचऐवजी दात्यांनी भरून काढणे, हे ट्रान्सफर केसचे एक मुख्य काम आहे.

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरपेटीच्या मागे बसवलेली दुसरी, लहान गिअरपेटी. तिच्याकडून दोन गोष्टी होतात. इंजिनाचा जोर ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांकडे वाटून देते, आणि चालकाने दांडा ‘लो’वर टाकला की चाकांची गती आणखी कमी करून त्या प्रमाणात फिरवण्याचे बळ, म्हणजे टॉर्क, वाढवते. १९४१ नंतर युद्धात गाजलेल्या विलीज जीपमध्ये ‘हाय’चे गुणोत्तर एकास एक होते आणि ‘लो’चे १.९७ होते, म्हणजे आत आलेल्या १.९७ फेऱ्यांना बाहेर एक फेरी पडे. हीच जीप पुढे मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि भारतातील खेड्यापाड्यांत ‘जीप’ हा शब्द रूढ झाला.

जपानच्या सुझुकी कंपनीने १९७० मध्ये आणलेली ‘जिम्नी’ विलीजपेक्षा फारच लहान होती. तिचे इंजिन ३५९ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे आणि हवेने थंड होणारे होते. एवढ्याशा इंजिनाची गाडी डोंगर चढते ती अंगच्या ताकदीवर नव्हे, तर हलकेपणा आणि गिअर यांच्या भरवशावर. या घराण्यात १९८० च्या दशकात ९७० घनसेंटिमीटरची एसजे ४१० आणि तिच्यामागून १३२४ घनसेंटिमीटरची एसजे ४१३ आली. अमेरिकेत एसजे ४१३ ‘सामुराई’ या नावाने विकली गेली. भारतात १९८५ च्या अखेरीस आलेली मारुती जिप्सी ही एसजे ४१० चीच लांब चौकटीची बहीण होय. पुढे १९९६ मध्ये तिला १३०० घनसेंटिमीटरच्या वर्गातील मोठे इंजिन मिळाले.

या गाड्यांची ट्रान्सफर केस गिअरपेटीला चिकटलेली नसते. ती वेगळी, रबरी बुशांच्या तीन बाहूंवर चौकटीला टांगलेली असते आणि एका आखूड शाफ्टने गिअरपेटीशी जोडलेली असते. तिच्यात साखळी नाही, सगळे काम दात्यांचे आहे. आत येणारा शाफ्ट मधल्या काउंटर गिअरला फिरवतो आणि काउंटर गिअर बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरील दोन चक्रांना फिरवतो. त्यांपैकी मोठे चक्र ‘लो’चे आणि लहान चक्र ‘हाय’चे. जोर नेहमीच काउंटर गिअरमधून जात असल्याने, आणि त्याची चक्रे तशा मापाची असल्याने, येथे ‘हाय’मध्येही गती थोडी कमी होतेच. सामुराईत ‘हाय’चे गुणोत्तर १.४०९ आणि ‘लो’चे २.२६८ आहे. जुन्या एसजे ४१० मध्ये इंजिन लहान म्हणून हेच आकडे १.५८० आणि २.५११ होते. पेटी स्वतंत्र असणे हा कारागिराचा मोठा लाभ आहे. गिअरपेटीला हात न लावता ती खाली उतरवता येते, बाकावर उघडता येते आणि आतली चक्रे बदलता येतात. या गाड्यांचे गिअर ‘उतरवण्याचा’, म्हणजे गुणोत्तर वाढवून गती आणखी मंद करण्याचा उद्योग अमेरिकेत विशेष फोफावला, त्यामागे ही रचना आहे.

आता हिशेब पाहावा. सामुराईच्या गिअरपेटीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५२ आहे, आणि अमेरिकेतील गाडीच्या आसांमधील क्राऊन-पिनियनचे ३.७२७. या दोहोंना ‘लो’च्या २.२६८ ने गुणले की ३०.९ येते. इंजिनाच्या सुमारे ३१ फेऱ्या झाल्या की चाक एकदा फिरते. गाडीच्या मूळ टायरचा परीघ जवळजवळ २.१ मीटर आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सोडले, तर गाडी ताशी ३.३ किलोमीटर वेगाने पुढे सरकेल. सपाट वाटेवर हे मंद वाटते. हातभर उंचीच्या खडकावर एक चाक चढत असताना मात्र हा वेग इतका आहे, की चाक वर पोचताच गाडी पलीकडे आदळते.

त्यातच हौशी मंडळी प्रथम टायर मोठे करतात. ३१ इंच व्यासाचे टायर घातले की चाकाचा घेर मूळच्यापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच प्रमाणात गिअर ‘उंच’ होतात. इंजिनाच्या त्याच ८०० फेऱ्यांत गाडी आता ताशी ३.८ किलोमीटरने धावते. गाडी दिसायला दणकट झाली, पण चढणीवर पूर्वीपेक्षा दुबळी झाली. यावर सर्वांत स्वस्त उतारा म्हणजे जुन्या एसजे ४१० ची चक्रे नव्या पेटीत बसवणे. त्याने ‘लो’ सुमारे ११ टक्के आणि ‘हाय’ १२ टक्के उतरते. मोठ्या टायरांनी नेलेले सारे परत मिळत नाही, पण बरेचसे मिळते. उरलेली तूट चालकाला क्लचवरच सोसावी लागते.

खरा बदल घडतो तो नव्याने घडवलेल्या चक्रांच्या संचाने. त्यांपैकी सर्वपरिचित संचाचे ‘लो’ गुणोत्तर ४.१६ आहे. मूळच्या २.२६८ शी ताडून पाहता ही ८३ टक्क्यांची वाढ आहे. पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर ३१ वरून सुमारे ५७ वर जाते आणि मूळ टायरांवर गाडीची किमान चाल ताशी १.८ किलोमीटरपर्यंत खाली येते. साडेसहाच्या आसपासचे ‘लो’ देणारे संचही मिळतात. ते केवळ खडक चढण्याच्या खेळासाठी आहेत. वाळूत किंवा चिखलात जेथे चाकाला थोडा वेग हवा असतो, तेथे इतके उतरलेले गिअर अडचणच करतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. गिअर उतरवल्याने गाडीची ‘ताकद वाढते’ असे सर्रास म्हटले जाते. सामुराईच्या इंजिनाचा महत्तम टॉर्क सुमारे १०० न्यूटन-मीटर आहे. घर्षणाचे नुकसान सोडून दिले, तर मूळ ‘लो’मध्ये पहिल्या गिअरवर हा टॉर्क टायरच्या काठाशी सुमारे ९,२०० न्यूटन एवढा जोर देतो. गाडीचे वजन साधारण ९५० किलो, म्हणजे जवळपास तेवढेच न्यूटन. गाडी स्वतःच्या वजनाएवढा जोर लावू शकते, असा याचा अर्थ. पण टायर आणि जमीन यांच्यामधील पकड कोरड्या खडकावरही त्याहून फारशी जास्त नसते, ओल्या मातीवर तर ती कितीतरी कमी असते. ४.१६ च्या चक्रांनी हाच आकडा १७,००० च्या घरात जातो. या वाढीव जोराचा बराच भाग जमिनीपर्यंत पोचतच नाही, कारण त्याआधी चाक घसरते. आणि चाक हवेत लटकले असेल, तर साध्या डिफरन्शियलमध्ये ते नुसते गरगरत राहते. तेथे कोणतेही गुणोत्तर उपयोगी पडत नाही.

मग लाभ कोणता? महत्तम टॉर्क इंजिनाच्या वाढलेल्या फेऱ्यांवर मिळतो, खडकावर मात्र चालकाला इंजिन मंद ठेवायचे असते. समजा, त्या मंद अवस्थेत इंजिनाकडून अर्धाच टॉर्क मिळाला. तीस अंशांच्या चढणीवर गाडी नुसती तोलून धरायलाच वजनाच्या निम्मा जोर लागतो. मूळ गिअरवर जोर आणि गरज येथे बरोबरीला येतात. खड्ड्यातून चाक वर काढायला काही उरत नाही आणि इंजिन बंद पडते. म्हणून चालक आधीच वेग घेऊन चढणीवर धडक मारतो, आणि आसांचे, स्प्रिंगांचे, कधी कधी माणसांचेही नुकसान या धडकेतच होते. उतरलेल्या गिअरवर तोच अर्धा टॉर्क पुरून उरतो. धडक मारण्याचे कारणच संपते.

उतारावर हा लाभ अधिक मोलाचा ठरतो. पॅडलवरून पाय काढला की इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या करीत असताना ‘हाय’च्या पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे १३ किलोमीटरने उतरते, मूळ ‘लो’मध्ये ८ ने, आणि ४.१६ च्या ‘लो’मध्ये साडेचारने. ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीचे चाक सुट्या दगडांवर अडकून घसरू लागले, तर स्टिअरिंगचा उपयोग संपतो. गिअरने धरलेले चाक फिरत राहते, म्हणून वळवताही येते. लांब घाटात ब्रेक तापून ढिले पडण्याची भीतीही कमी होते. लडाखमध्ये याला आणखी एक बाजू येते. पाच हजार मीटरांवरील खिंडींत हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असते आणि इंजिनाचा जोर जवळपास त्याच प्रमाणात घटतो. मैदानात पुरेसे वाटणारे गुणोत्तर तेथे अपुरे पडते.

हाच परिणाम आसांमधील क्राऊन-पिनियन बदलूनही साधता येतो, पण मग गिअर नेहमीसाठी उतरतात आणि महामार्गावर इंजिन सतत ओरडत राहते. शिवाय दोन्ही आसांचे गुणोत्तर तंतोतंत सारखे ठेवावे लागते, नाहीतर चारी चाके जोडताच पुढची व मागची चाके एकमेकांना ओढू लागतात. ट्रान्सफर केसमधील बदल मुख्यतः ‘लो’पुरता राहतो. ४.१६ च्या संचाने ‘हाय’ही थोडे उतरते, पण टायर मोठे असतील तर ते इष्टच आहे. वेगमापकाची तार ट्रान्सफर केसच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरून निघत असल्याने चक्रे बदलून काटा चुकत नाही. टायर बदलून मात्र चुकतो.

वाढलेला टॉर्क कोठेतरी झेलावा लागतोच. चाके दगडांत रुतली आणि इंजिन पूर्ण जोरात असले, तर ट्रान्सफर केसला तिच्या टांगणीतून उलट फिरवू पाहणारा पीळ मूळच्या सुमारे अडीचपट होतो. आत येणारा टॉर्क तोच असतो, बाहेर जाणारा वाढतो, आणि या दोहोंमधील फरक त्या तीन बाहूंवर पडतो. रबरी बुश फाटतात, बाहू वाकतात, आखूड शाफ्ट तिरका होऊन हादरे देऊ लागतो. म्हणून जाणते कारागीर चक्रांबरोबरच टांगणीला जादा आधार देतात. त्यापुढचा कच्चा दुवा म्हणजे पुढच्या आसाच्या टोकांचे सांधे आणि मागचे आस-शाफ्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना पाय जोरात दाबला, तर सांधाच आधी तुटतो. उतरलेल्या गिअरवर पायाचा हलकेपणा हाच गाडीचा विमा होय.

जोडणीचे काम दिसते तितके सोपे नाही. ‘लो’चे चक्र मोठे झाल्याने काही संचांत पेटीची आतली भिंत घासून जागा करावी लागते. तो कीस धुऊन पूर्णपणे काढला नाही, तर बेअरिंगे अल्पावधीत खराब होतात. पेटी उघडलीच आहे तर बेअरिंगे आणि तेलाच्या सीलही नव्या घालणे शहाणपणाचे, कारण मजुरीचा मोठा भाग पेटी उतरवण्या-चढवण्याचाच असतो. सर्व शाफ्ट हाताने फिरवून, ‘हाय’, ‘लो’ आणि मधली मोकळी जागा तपासून मगच पेटी गाडीखाली न्यावी.

भारतात जिप्सीचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले. सैन्यात, पोलिसांत आणि अभयारण्यांत वर्षानुवर्षे राबलेल्या या गाड्या आजही मोठ्या संख्येने खासगी हातांत आहेत आणि त्यांत असे बदल करण्याची हौस वाढली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे मांडला. बदल पेटीच्या आत लपलेला आहे म्हणून तो चालून जाईल असे मानू नये. नोंदणी अधिकाऱ्याला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारणे हाच सुरक्षित मार्ग आहे. केवळ बंदिस्त मैदानावरील स्पर्धांसाठी ठेवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी.

गाडी मुळातच कशी गिअरलेली असावी, याबाबत उत्पादकाचेही मत बदलत गेलेले दिसते. २०१८ मध्ये जपानात आलेल्या आणि २०२३ पासून पाच दारांच्या रूपात भारतात विकल्या जाऊ लागलेल्या नव्या जिम्नीत पाच गिअरांच्या पेटीतील पहिला गिअर ४.४२५, ट्रान्सफर केसचे ‘लो’ २.००२ आणि क्राऊन-पिनियन ४.०९० आहे. ‘लो’चा आकडा जुन्या सामुराईपेक्षा लहान दिसतो, पण तिन्हींचा गुणाकार ३६ च्या वर जातो.