रॅम नंतर घे, आधी फाटे सोडव

अगं, लॅपटॉपची रॅम 8 ची 16 जीबी करायला तू पैसे मागितलेस, हे आईकडून कळलं. पैसे देईन मी, त्याचं काही नाही. पण पाणीवाटपाचं तुझं मॉडेल आहे तसंच ठेवलंस तर 16 सुद्धा पुरायची नाही.

उजनी धरणाचं पाणी शेतजमिनीच्या कोणत्या गटाला, कोणत्या पिकाला, कोणत्या पंधरवड्यात द्यायचं, हेच ठरवायचंय ना तुला? समज 4,000 गट, 6 पिकं आणि वर्षाचे 24 पंधरवडे. झाली 5,76,000 चलं. दर गटाला दर पंधरवड्याची एकच मर्यादा धरली तरी 96,000 ओळी. हा तक्ता शून्यांसकट साठवला तर 440 जीबीच्या वर जातो! शून्यं साठवूच नकोस. एकेका चलाचा संबंध जेमतेम दोन-चार ओळींशी असतो. तेवढेच आकडे त्यांच्या जागेसह ठेवलेस तर पंचवीस-तीस एमबीत भागतं.

तरी लॅपटॉप गुदमरणार, कारण खरी मेमरी खातं ते हो-नाहीचं झाड. या गटात ऊस लावायचा की नाही, अशा प्रत्येक प्रश्नाला सॉल्व्हर, म्हणजे मॉडेल सोडवणारा प्रोग्रॅम, दोन फांद्या फोडतो आणि न तपासलेल्या फांद्या लक्षात ठेवत बसतो. त्या डिस्कवर टाकायची सोय बहुतेक मोठ्या सॉल्व्हरमध्ये असते, ती चालू कर. पण तेवढ्यानं झाड लहान होत नाही.

आता त्या ओळींकडे नीट बघ. 96,000 ओळी ज्याच्या त्याच्या गटापुरत्या. सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या ओळी म्हणजे धरणातल्या पाण्याच्या हिशेबाच्या 24, आणि डावा-उजवा कालवा, सीना-माढा, दहिगाव अशा योजनांच्या वहनक्षमतेच्या थोड्या. एवढ्या बाजूला काढल्या की फाट्याफाट्याचं, म्हणजे कालव्याच्या एकेका शाखेवरच्या गटांचं, गणित आपोआप सुटं होतं. कालवा सल्लागार समिती तरी काय करते? आवर्तन कधी सोडायचं, किती दिवस चालवायचं, ते ठरवते. अमक्याच्या उसाला किती तास पाणी, हे त्या बैठकीत कुणी काढत नाही. भाकऱ्या करायच्या म्हणून पोतंभर पीठ एकदम कुणी मळतं का?

ही युक्ती डँट्झिग आणि वुल्फ यांनी 1960 मध्ये मांडली. वर एक छोटं मास्टर मॉडेल ठेवायचं, त्यात फक्त धरण आणि कालवे. ते दर पंधरवड्याच्या पाण्याला एक किंमत लावतं. त्या किमतीला आपल्याला काय परवडतं, याचा आराखडा प्रत्येक फाटा पाठवतो. मास्टर त्या आराखड्यांची सांगड घालून किंमत सुधारतं, की पुन्हा फेरी. एका वेळी एकच फाटा मेमरीत घ्यायचा, उत्तर फाइलीत लिहायचं, मॉडेल मोडून टाकायचं, मग पुढचा. सगळे फाटे समांतर चालवायचा मोह आवर, नाहीतर वाचवलेली मेमरी पुन्हा तिथेच जाईल.

सुरुवातीच्या फेऱ्या बघून घाबरू नकोस हं. पाणी स्वस्त दिसलं की सगळ्यांना ऊस हवा, महाग झालं की कुणालाच नको. किंमत नुसती झोके खाते. म्हणून तिला मागच्या फेरीच्या किमतीपासून फार दूर जाऊ देऊ नकोस. शेवटी शेवटी मात्र प्रगती मुंगीच्या पावलांनी होते, तिथे कुठे थांबायचं ते आधीच ठरवून ठेव. 1962 मध्ये बेंडर्सनं उलटी वाट दाखवली: वर पाणी सोडण्याचे निर्णय, खाली त्यांचे परिणाम. पण तुझे हो-नाही फाट्यांच्या पोटात आहेत, तिथे तिचं साधं रूप चालत नाही. तू पहिलीच वाट धर.

आणि एक अस्सल सोलापुरी खोच. आपली उजनी उन्हाळ्यात अनेकदा ‘वजा’त जाते, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरतं. उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी, त्याखाली मृतसाठा 63 टीएमसीच्या वर, आणि सोलापूर शहराला प्यायला भीमेतून पाणी सोडावं लागतं ते कधी त्यातूनच. बरेच सॉल्व्हर चलाची खालची मर्यादा न सांगता शून्य धरतात. उपयुक्त साठा हेच चल घेतलंस, तर तुझं धरण कधी वजा होणारच नाही. मग एक तर सॉल्व्हर उत्तरच नाही म्हणेल, नाहीतर शहरासाठी पाणी राखायला उगाच पिकं कापेल. तुला वाटेल फाटे तोडल्यामुळे बिघडलं!

मास्टरचं उत्तर कधी अर्धा हा आराखडा, अर्धा तो, असं येतं. शेतात ते चालायचं नाही. जमलेल्या आराखड्यांतून प्रत्येक फाट्याला एकच निवडायला लाव आणि होणारा नफा लिहून ठेव. किमतींच्या फेऱ्यांतून नफ्याची वरची मर्यादाही मिळते. फक्त एखादा फाटा वेळेअभावी अर्धवट सोडवला असशील, तर तिथे सापडलेलं उत्तर नाही, सॉल्व्हरनं दिलेली त्याची मर्यादा धर. ‘हे सर्वोत्तम कशावरून?’ असं सर विचारतीलच, तेव्हा हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेव. त्यांत दोन-तीन टक्क्यांचं अंतर राहिलं तरी लपवू नकोस. आधी एकच फाटा चालवून बघ, आणि किती मेमरी लागली ते मला रात्री फोनवर सांग. रॅमचं मग बघू.