गोबरगॅस व डिझेलवर इंजिन : आधी शेणाचा हिशेब



बीड जिल्ह्यातील नारायणगड परिसरात रब्बीच्या तोंडावर गेलो असता एका शेतकऱ्याने विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन दाखविले. "पाच जनावरं आहेत, गोबरगॅसवर इंजिन चालंल म्हणून एकजण नळी अन् कॉक बसवून गेला. पण साहेब, तासाच्या आतच गॅस संपतो," अशी त्यांची तक्रार होती. इंजिन ठीक होते. चूक हिशेबात होती.

एक घनमीटर गॅस मिळण्यासाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. गावरान जनावर दिवसाकाठी साधारण १० किलो शेण देते. जनावर चरायला सोडले तर त्यातील बरेचसे रानातच पडते. दुहेरी इंधनावरील इंजिनास दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.४५ घनमीटर गॅस लागतो, म्हणजे पाच अश्वशक्तीस सव्वादोन घनमीटर. रोज तीन तास पाणी द्यायचे तर पावणेसात घनमीटर गॅस, म्हणजे अंदाजे १७० किलो शेण व गोठ्यात बांधलेली सतरा जनावरे हवीत. पाच जनावरांच्या शेणापासून दोनच घनमीटर गॅस मिळतो व तेवढा पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकालाच लागतो. म्हणून त्यांना गॅस चुलीसाठीच वापरण्याचा सल्ला दिला. पंधरा-वीस जनावरांचा दुधाचा धंदा किंवा गोशाळा असेल आणि विहिरीवर डिझेल इंजिन आधीच असेल, तरच पुढचा खर्च करावा. नवीनच पंप घ्यायचा असल्यास सौर पंपाचा विचार आधी करावा.

ही कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून गॅस करण्याचे यंत्र सन १८९७ मध्ये उभारले गेले व १९०७ मध्ये त्या गॅसवर इंजिनही चालविण्यात आले.

डिझेल पूर्ण बंद का करता येत नाही?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो पेटतो. गोबरगॅसमधील मिथेन वायू (साधारण ५५ ते ६० टक्के) पेटण्यास याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून हवेबरोबर गॅस आत घ्यायचा आणि थोड्या डिझेलने तो पेटवायचा. इंजिन पूर्ण भारावर असेल तर ७० ते ८० टक्के डिझेल वाचते. तासाला लिटरभर डिझेल पिणारे इंजिन पाव लिटरवर येते. त्याहून डिझेल कमी करू नये. नोझल तापून खराब होते.

भार कमी असला की मात्र हे गणित बिघडते. भरपूर हवेत थोडाच गॅस मिसळल्यामुळे तो नीट जळत नाही व धुराड्यातून तसाच निघून जातो. पंप लहान व इंजिन मोठे अशी जोडी असेल तर बचतीची आशा धरू नये.

एअर फिल्टर व इंजिन यांमधील नळीत 'टी' बसवून गॅसची जोडणी करतात. इंजिन नेहमी डिझेलवरच सुरू करावे. पाच मिनिटांनी कॉक हळूहळू उघडावा. गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो. इंजिन झटके देऊ लागले की कॉक थोडा मागे घ्यावा. बंद करताना आधी गॅस, मग काही मिनिटांनी डिझेल. गॅसच्या नळीत पाणी साचते, ते काढण्याची सोय सखल जागी ठेवावी आणि आग उलटी जाऊ नये म्हणून जाळीचा अडथळा बसवावा. गॅसमधील गंधकयुक्त वायू तांबे-पितळेचे भाग खातो. त्यासाठी गंजलेल्या लोखंडी किसाच्या डब्यातून गॅस न्यावा व ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे.

थंडीत पाण्याची गरज असते, त्याच वेळी गॅस घटतो. इंजिन पाण्याने थंड होणारे असेल तर त्यातून बाहेर पडणारे कोमट पाणी शेण कालवायला वापरावे. फुकट जाणारी ही उष्णता संयंत्राच्या उपयोगी पडते.

धुराड्यातूनही इंधनाची साधारण एकतृतीयांश उष्णता वाया जाते. तिच्या साहाय्याने इंजिनावरच इंधनाचे विघटन करून हायड्रोजन मिळविण्याचे प्रयोग परदेशात १९७० च्या दशकापासून झाले आहेत. पण विहिरीवरच्या इंजिनासाठी तसे विश्वासाचे यंत्र बाजारात नाही. पाण्यावर इंजिन चालविणारा 'किट' घेऊन कोणी आल्यास पैसे देऊ नयेत.

पऱ्हाट्या-तुराट्यांपासूनही गॅस करता येतो. कमी हवेत त्या जाळल्या की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या अशाच गॅसवर मोटारी धावल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शासनाच्या अनुदानावर असे पंपसंचही दिले गेले. परंतु लाकडाचे तुकडे करणे व डांबर साफ करणे जिकिरीचे झाल्याने अनेक संच बंद पडले. हा गॅस विषारी असतो. इंजिनाची खोली बंदिस्त असेल तर त्याच्या वाटेस जाऊ नये.