मेमरी लीक : चढताना घेतलेलं उतरताना परत करा!

मित्रांनो, "प्रोग्रॅम रन होतोय ना, मग झालं तर!" हे वाक्य होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ऐकू येतं. आम्हीही तेच म्हणायचो. जुलैमधल्या एका रात्रीने आमची ती सवय मोडली.

आमचं प्रोजेक्ट पाऊस मोजण्याचं होतं. भोर-वेल्हे म्हणजे धरणांचा मुलूख. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत सगळी इकडचीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात पूर आला, हे आपण घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं आहे. तेव्हा इथे पाऊस मोजणं हा काही टाइमपास नाही.

वेल्ह्याजवळ एका मित्राच्या घरावर पर्जन्यमापक बसवला आणि खाली ५१२ एमबी मेमरीचा छोटा लिनक्स बोर्ड ठेवला. आमचा सी मधला प्रोग्रॅम पाऊस मोजायचा आणि दर मिनिटाला आकडा होस्टेलच्या मशीनला पाठवायचा. पाठवणं जमलं नाही तर दर सेकंदाला पुन्हा प्रयत्न. मे महिन्यात तांब्याने पाणी ओतून आठवडाभर टेस्टिंग केलं. एकदम ओके!

जुलैत धो धो पाऊस सुरू असताना रात्री अकराला नेटवर्क गेलं. एकच्या सुमारास प्रोग्रॅमही मेला. ज्या रात्रीसाठी एवढा खटाटोप केला, त्याच रात्रीचे आकडे गायब!

झालं काय होतं? पाठवण्याच्या फंक्शनमध्ये तीन पायऱ्या होत्या. मॅलॉकने ६४ केबीचा बफर घेऊन तो भरायचा, सॉकेट उघडायचं, कनेक्ट करायचं. काम झालं की शेवटी सॉकेट बंद आणि बफर फ्री. पण मधेच काही फसलं तर आम्ही सरळ 'रिटर्न मायनस वन' लिहून मोकळे! घेतलेलं परत कोण करणार?

आता हिशोब बघा. सेकंदाला ६४ केबी म्हणजे तासाला २२५ एमबी. दोन तासांत ४५० एमबी खलास, मग कर्नलने उरलेली सिस्टिम वाचवायला आमचाच प्रोग्रॅम मारला. शिवाय एका प्रोसेसला एका वेळी साधारण १०२४ फायली उघड्या ठेवता येतात, आणि सॉकेटही त्यातच मोजतात. सेकंदाला एक सॉकेट गळालं की सतरा मिनिटांत कोटा संपला. पुढे नेटवर्क परत आलं असतं तरी उपयोग नव्हता!

उपाय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वेल्ह्याहून तोरणा चढताना आधी बिनी दरवाजा लागतो, मग कोठी दरवाजा. उतरताना आधी कोठी, मग बिनी. आणि बिनीवरूनच मागे फिरलात तर कोठी लागतच नाही. एरर हँडलिंगही तसंच. जेवढं घेतलं तेवढंच सोडायचं, आणि उलट्या क्रमाने:

निकाल = मायनस वन
बफर घ्या, न मिळाल्यास 'बाहेर' कडे जा
सॉकेट उघडा; न उघडल्यास 'बफर_सोड' कडे जा
कनेक्ट करा, फसल्यास 'सॉकेट_सोड' कडे जा
आकडा पाठवा; गेला तर निकाल = शून्य
सॉकेट_सोड : सॉकेट बंद करा
बफर_सोड : बफर फ्री करा
बाहेर : निकाल रिटर्न करा

इथे 'जा' म्हणजे गो-टू. फर्स्ट इयरला गो-टू वाईट म्हणून शिकवतात, पण लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये नेमक्या याच कामासाठी तो सुचवलेला आहे. कर्नलमध्ये तर जास्तच जपायला हवं. साधा प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची मेमरी परत घेते. ड्रायव्हरने गळवलेली मेमरी मात्र रिबूट करेपर्यंत गेलीच समजा.

आणखी दोन खाचखळगे. एक, रीअ‍ॅलॉकचं उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवू नका. तो फसला तर नल मिळतो, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता मात्र हरवतो. आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग बदला. दोन, एकच ब्लॉक दोनदा फ्री करू नका. फ्री केल्यावर पॉइंटर नल करून ठेवा. नल फ्री करायला सी ची काहीच हरकत नसते.

आता टेस्टिंग. आमची चूक खरं तर इथेच होती. पाणी ओतून पाहिलं, पण नेटवर्कची वायर उपटून पाहिली नाही! व्हॅलग्राइंडसुद्धा जो रस्ता प्रत्यक्ष चालला गेला त्याच्यावरचीच गळती दाखवतो. म्हणून अपयश मुद्दाम घडवा. मॅलॉकभोवती स्वतःचं छोटं फंक्शन लिहा, पहिल्या खेपेला पहिला कॉल फसवा, दुसऱ्या खेपेला दुसरा, आणि प्रत्येक वेळी व्हॅलग्राइंड लावा. सॉकेट आणि कनेक्टचंही तसंच करा. लिनक्स कर्नलमध्ये अशी अपयशं घडवायची सोय २००७ च्या २.६.२० आवृत्तीपासून आहे.

दुरुस्तीनंतर आम्ही बोर्डची वायर काढून दोन दिवस तसाच ठेवला. मेमरी जागची हलली नाही. वायर जोडताच साठलेले आकडे भराभर आले. त्या एका रात्रीचे आकडे मात्र कायमचे गेले.

तेव्हा मंडळी, पुढच्या सबमिशनआधी कोडमधला प्रत्येक 'रिटर्न' शोधा आणि विचारा, इथून निघताना माझ्या हातात काय काय आहे?