नाचणीची नानकटाई : एक विचार

विलेपार्ल्याचा १९२९ साली सुरू झालेला पार्ले कारखाना २०१६ साली बंद झाला. पण उपनगरातल्या मुलांची बिस्किटांची सवय कायम आहे. ती मोडण्यापेक्षा खाऊच पौष्टिक करता येईल का, हा प्रश्न आहे.

शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मैद्यात त्याचा दहावा हिस्साही नाही. नाचणीत ग्लुटेन नसल्याने तिचा पाव फुगत नाही. नानकटाईला मात्र चिवटपणा नको, खुसखुशीतपणा हवा; म्हणून तेथे नाचणी चांगली जमते.

आमच्या घाटकोपरच्या खोलीत ओव्हन नाही. पाऊण वाटी नाचणीचे भाजलेले पीठ, पाव वाटी कणीक, अर्धी वाटी साजूक तूप, पाव वाटी किसलेला गूळ व वेलची एकत्र मळावी. जाड पातेल्यात मिठाचा थर तापवून त्यावर तिवई व ताटली ठेवावी आणि झाकण घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे.

गूळ हीही साखरच. तेव्हा मुलांना दोनच द्याव्यात. पण मैदा व वनस्पती तूप टळते, हे थोडके नव्हे.

नाचणी गरिबाचे धान्य म्हणून आम्ही शहरात आल्यावर ताटातून काढली. आजीच्या भाकरीतले ते सत्त्व नातवंडांच्या खाऊत परत यावे, एवढेच माझे म्हणणे.