कॉन्व्हेंटचा कान आणि 'जसा-तसा'चा फंडा

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होतं, पण पास होण्यापुरतं. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ज्यांनी दुरुस्त केल्या, त्यांचे आधीच आभार! आणि दुसरी कबुली अशी, की हा लेख इंग्रजीवर आहे. मराठी विभागात इंग्रजीवर लेख कशाला, हे शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. कॅम्पसच्या आधी आमची एक सराव परीक्षा झाली. इंग्रजीचे २० प्रश्न, चूक ओळखा आणि वाक्य सुधारा छापाचे. मी म्हटलं, चला, हा सेक्शन तर आपलाच. दहा मिनिटांत संपवून मी खिडकीबाहेर बघत बसले. निकाल लागला. मला २० पैकी ११! आणि माझ्या रूममेटला १७.

आता ही रूममेट कोण? साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातली, दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली. फर्स्ट इयरला ती मेसमध्ये 'आय प्रिफर टी दॅन कॉफी' म्हणाली होती आणि मी सगळ्यांसमोर हसले होते. त्यानंतर ती माझ्यासमोर इंग्रजी बोललीच नाही. यंदा तर कॅम्पसचा फॉर्मच भरायचा नाही असं तिने ठरवलं होतं. कारण? "इंग्रजी येत नाही गं मला." १७ मार्क मिळवणारी हे म्हणत होती, आणि ११ वाली मी इतकी वर्षं तोऱ्यात होते.

त्या रात्री मी तिला विचारलं, "अगं, तू हे केलंस कसं?" तिने एक जुनं, कव्हर फाटलेलं पुस्तक काढलं. तर्खडकर भाषांतर पाठमाला. तिच्या आजोबांचं. म्हणाली, "तू कानाने सोडवतेस. मला तो कान नाही. म्हणून मी प्रत्येक वाक्य मराठीत लावून बघते."

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. शिकवणारी ती, शिकणारी मी. त्या शिकवणीचं सार खाली देते.

कान का फसतो?

कान म्हणजे सवय. जे रोज ऐकतो ते बरोबर वाटतं. आणि माझा कान कॉन्व्हेंटचा असला तरी देवपूरचाच आहे! आपल्याकडे सगळे 'डिस्कस अबाउट' म्हणतात, कारण मराठीत आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो. इंग्रजीत मात्र 'डिस्कस'ला पुढे काही लागत नाही: 'वी डिस्कस्ड द प्रोजेक्ट', बस्स. तसंच 'मॅरीड विथ'. आपण कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून 'विथ' येतो. बरोबर आहे 'मॅरीड टु'. आणि ते 'प्रिफर टी दॅन कॉफी'? तो तर सरळ आपला 'पेक्षा' आहे. कॉफीपेक्षा चहा, म्हणून 'दॅन'. इंग्रजीत 'प्रिफर'च्या मागे 'टु' येतो: 'आय प्रिफर टी टु कॉफी'. म्हणजे ज्यावर मी हसले, ती चूक नसून मराठीचा हिशोब होता. फक्त तो दुसऱ्या वहीत मांडला गेला होता.

पहिला धडा : इडियम म्हणजे फक्त म्हण नव्हे

इथे एक घोटाळा असतो. स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात 'इडियम' म्हणजे आपला वाक्प्रचार, त्याचा अर्थ विचारतात. पण वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात इडियम म्हणजे कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द बसतो, ती ठरलेली जोडी. तिला 'का?' विचारायचं नसतं. नटाला ज्या आट्याचा बोल्ट लागतो तोच लागतो.

हे आपल्याला नवीन आहे का? बघा: डोळा लागला म्हणजे झोप आली. वाटेकडे डोळे लागले म्हणजे कोणाची तरी वाट बघतोय. डोळे आले म्हणजे डॉक्टरकडे जा! एवढासा बदल आणि अर्थ कुठल्या कुठे. इंग्रजीत 'लुक'चं तेच: 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणं, 'लुक अप टु' म्हणजे आदर बाळगणं, आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणं (जे मी मेसमध्ये केलं).

माझी आजी अहिराणी बोलते. फोनवर विचारते, "काय करी ऱ्हायनी व माय?" तिला कोणी 'काय करत ऱ्हायनी' म्हटलं तर ती हसेल. नियम विचारला तर सांगता येणार नाही, पण 'करी'च येतं हे तिला पक्कं माहीत आहे. इडियम म्हणजे हेच. आजीला तो ऐकून येतो, आपल्याला इंग्रजीत तो पाठ करावा लागतो. पाठ करताना एकटा शब्द करू नका, जोडी करा. वहीत 'इन्सिस्ट' लिहू नका, 'इन्सिस्ट ऑन' लिहा.

माझे दोन मार्क गेले ते अशाच एका जोडीत. 'कन्सिडर' आणि 'रिगार्ड'. दोन्हींचा अर्थ 'मानणे', म्हणून मी दोन्हींच्या पुढे 'ॲज' लावला. रूममेटने हे असं समजावलं: आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. वि. का. राजवाड्यांचं १९२६ साली धुळ्यातच निधन झालं. आता दोन वाक्यं घे. 'लोक राजवाड्यांना इतिहासाचार्य म्हणून ओळखतात.' इथे 'म्हणून' आहे, तसा 'रिगार्ड'ला 'ॲज' लागतो: 'पीपल रिगार्ड हिम ॲज अ ग्रेट हिस्टोरियन'. दुसरं, 'लोक राजवाड्यांना थोर मानतात.' इथे 'म्हणून' नाही, तसा 'कन्सिडर'ला 'ॲज' नाही: 'पीपल कन्सिडर हिम अ ग्रेट हिस्टोरियन'. मी आता हे जन्मात विसरणार नाही.

दुसरा धडा : पॅरलल स्ट्रक्चर

नाव ऐकून घाबरू नका, आपण इंजिनीअर आहोत. पॅरलल सर्किट आठवा. दोन नोड समान, मध्ये तीन शाखा. प्रत्येक शाखा त्याच नोडला थेट जोडलेली हवी. वाक्यातही तसंच. उदाहरण: 'शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टु कुक.' 'शी लाइक्स' हा नोड. पहिल्या दोन शाखा 'इंग'च्या, तिसरी 'टु'ची. झालं, वाक्य चुकलं. हवं 'रीडिंग, स्विमिंग अँड कुकिंग'.

हे कळायला मराठी पुरेसं आहे. 'मला वाचायला, पोहायला आणि स्वयंपाक आवडतं.' खटकलं ना? 'स्वयंपाक करायला' म्हटलं की बसलं.

आणखी एक, आपल्या दैवताचं. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या काळात खानदेशात पांझरेवर पाण्याच्या सायफनचं काम त्यांनी केलं. (हीच पांझरा, जी ओलांडून आपण धुळ्यातून देवपुरात येतो.) आता वाक्य: 'ही जॉइन्ड द डिपार्टमेंट, केम टु खानदेश अँड बिल्डिंग अ सायफन.' 'जॉइन्ड' आणि 'केम' भूतकाळी, मग 'बिल्डिंग' कुठून आलं? 'बिल्ट' हवं.

'टु'चाही नियम लक्षात ठेवा. एक तर तो नोडवर एकदाच लावा: 'टु रीड, राइट अँड स्पीक'. नाहीतर प्रत्येक शाखेत लावा: 'टु रीड, टु राइट अँड टु स्पीक'. दोन शाखांत आहे आणि तिसऱ्यात नाही, असं चालत नाही.

तिसरा धडा : जोडगोळ्या

माझे सगळ्यात जास्त मार्क इथे गेले, आणि मराठीचा सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे. कारण आपली अर्धी भाषा जोडगोळ्यांवर चालते. जसा-तसा, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जो-तो. 'जेव्हा' म्हटलं की 'तेव्हा'ची वाट बघायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. 'पेरावं तसं उगवतं', 'दिसतं तसं नसतं', 'आधी पोटोबा, मग विठोबा' या सगळ्या म्हणी पॅरलल स्ट्रक्चरच आहेत की!

इंग्रजीत अशा ठरलेल्या जोड्या मोजक्या आहेत. 'आयदर'बरोबर 'ऑर', 'नायदर'बरोबर 'नॉर', 'बोथ'बरोबर 'अँड', 'सो'बरोबर 'दॅट' (आपलं 'इतका की'), 'नो सूनर'बरोबर 'दॅन' (आपलं 'न होतो तोच'). एक आलं की दुसरं शोधा.

'बिटवीन'बरोबर 'अँड'च येतो, 'टु' येत नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ही प्रवचनं फेब्रुवारी ते जूनमधली. 'ते' दिसला की आपण 'टु' लिहून मोकळे होतो: 'बिटवीन फेब्रुवारी टु जून'. चूक! एक तर 'बिटवीन फेब्रुवारी अँड जून', नाहीतर 'फ्रॉम फेब्रुवारी टु जून'.

आता 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो'. पेपरात हे वाक्य होतं: 'शी नॉट ओन्ली स्पीक्स इंग्लिश बट ऑल्सो मराठी.' मला शंभर टक्के बरोबर वाटलं. रूममेट म्हणाली, "मराठीत 'च' आणि 'ही' कुठे चिकटतात ते बघ. 'ती इंग्रजीच नव्हे तर मराठीही बोलते.' 'च' इंग्रजीला, 'ही' मराठीला. दोन्ही नामं. मग 'नॉट ओन्ली' 'स्पीक्स'च्या आधी का? 'इंग्लिश'च्या आधी हवं." म्हणजे 'शी स्पीक्स नॉट ओन्ली इंग्लिश बट ऑल्सो मराठी'. 'च' आणि 'ही' एकाच जातीच्या शब्दांना चिकटले पाहिजेत. एवढा सोपा नियम मला माझ्या मातृभाषेत सापडला!

शेवटचं, तुलना. 'द समर ऑफ धुळे इज हॉटर दॅन नाशिक.' इथे उन्हाळ्याची तुलना गावाशी झाली. हवं 'दॅन दॅट ऑफ नाशिक', म्हणजे नाशिकच्या उन्हाळ्यापेक्षा. बोलताना आपण 'नाशिकपेक्षा' म्हणून भागवतो, पेपरात भागत नाही.

हे शिकून फायदा काय?

कोणी म्हणेल, जीमॅटमधून तर वाक्य सुधारण्याचे प्रश्न गेले. खरं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती परीक्षा नव्या रूपात आली, त्यात हे प्रश्न नाहीत, आणि जुनी परीक्षा २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. पण चूक ओळखा, वाक्य सुधारा, वाक्प्रचाराचा अर्थ सांगा हे प्रश्न स्टाफ सिलेक्शनला येतात, कॅम्पसच्या चाचण्यांत येतात. एमपीएससीच्या गट ब आणि गट कच्या मुख्य परीक्षेत तर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांचा पेपर आहे. दोन्ही वह्या एकत्र ठेवल्या तर एक अभ्यास दोनदा कामाला येईल.

थोडा सराव (उत्तरं झाकून सोडवा)

१. 'शी इज सीनियर दॅन मी.'
२. 'द फॅन इज नायदर क्लीन ऑर न्यू.'
३. 'माय आजी इन्सिस्टेड टु पॅक अ डबा.'
४. 'सर टोल्ड अस टु रीड, टु अंडरलाइन अँड चेकिंग.'
५. 'द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन धुळे.'

उत्तरं: १. 'सीनियर टु मी' (पुन्हा आपला 'पेक्षा'!). २. 'नॉर न्यू'. ३. 'इन्सिस्टेड ऑन पॅकिंग'. ४. 'अँड टु चेक'. ५. 'दॅन दॅट ऑफ धुळे'.

पाचपैकी पाच आले तर मला शिकवायला या. कमी आले तर आमच्या रूमवर या, मॅडम तिथेच असतात.

जाता जाता, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी. कानावर अवलंबून राहणाऱ्यांपेक्षा तुमचं एक गोष्टीत बरं आहे: तुम्ही वाक्य तपासता. ज्याला रस्ता पाठ नसतो तो पाट्या वाचत जातो, आणि वळण चुकत नाही. बोलण्याची भीती हा वेगळा विषय आहे, आणि ती भीती घालवण्यापेक्षा वाढवण्याचं काम माझ्यासारख्यांनी केलंय. त्याबद्दल मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी राहू दे, रोज अर्धा तास माझ्याशी इंग्रजीत बोल."

तिने फॉर्म भरलाय. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, मग इंटरव्ह्यू. रोज संध्याकाळी आम्ही कॉलेजच्या रस्त्याने चालतो. ती इंग्रजीत बोलते, अडखळते, पुन्हा बोलते, आणि मी मध्ये तोंड घालत नाही. परवा टपरीवर थांबलो तेव्हा तिने माझ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आय प्रिफर टी टु कॉफी!"

या वेळी हसलो, पण दोघी मिळून. सगळ्यांना ऑल द बेस्ट!