विहिरीला पाणी कोठून येते?



चैत्र-वैशाखात विहिरीने तळ गाठला की आपल्या काही घरांतून अजूनही एक ताट निघते. ताटात हळदकुंकू आणि नारळ. विहिरीच्या काठाशी सात दगड मांडलेले असतात, त्या साती आसरा. त्या रुसल्या म्हणून पाणी आटले, अशी समजूत. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवर तथागतांची प्रतिमा लावली, तरी हे ताट लपूनछपून निघतेच. त्यासाठी घरातील आजीवर रागावू नका. जिने उभा जन्म डोक्यावर हंडे वाहिले, तिला पाण्याची धास्ती वाटणारच. पण तिला कारण समजावून सांगणे हे आपले काम आहे. कारण असेल तर कार्य घडते, कारण सरले की कार्यही सरते, ही तथागतांची शिकवण. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. पाण्याइतके त्याचे सोपे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

चुलीवर डाळ शिजत असताना वरचे झाकण उचलून पाहा. त्याला आतून थेंब लागलेले असतात. पाणी तापून वाफ झाली, वाफ झाकणाला लागून निवली आणि तिचे पुन्हा पाणी झाले. आपला पाऊस याच रीतीने पडतो. सूर्य ही चूल आणि अरबी समुद्र हे भांडे. समुद्राचे मीठ मागे राहते, वाफ तेवढी वर जाते. म्हणून खाऱ्या समुद्रातून आलेला पाऊस गोड असतो. ज्येष्ठात नैर्ऋत्येचे वारे ही वाफ घेऊन कोकणावरून येतात आणि सह्याद्रीला अडतात. पुढे जायचे तर वर चढावे लागते. हवा जसजशी वर जाते तसतशी ती पसरते आणि थंड होते. मग वाफेचे थेंब बनतात. म्हणून नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. घाट ओलांडल्यावर हवा खाली उतरते, तापते, कोरडी होते. त्याच तालुक्यांच्या पूर्वेकडील गावांना सहा-सातशे मिलिमीटरवर भागवावे लागते. वरुणाने इकडच्यांवर कृपा केली आणि तिकडच्यांवर कोप केला असे नाही. मध्ये डोंगर आहे, एवढेच.

नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहिलात तर आणखी एक गंमत पाहा. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातून पुन्हा अरबी समुद्रात जातो. चार पावले पूर्वेला पडलेला थेंब कुकडीत जातो. कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला मिळते आणि तो थेंब थेट बंगालच्या उपसागरात पोहोचतो. वाटेत काही पाणी माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांत अडते, काही पिके पितात आणि पानांवाटे पुन्हा वाफ करून सोडतात. पहाटेचे दहिवर, घाटातले धुके, फाल्गुन-चैत्रात द्राक्षबागा झोडपणारी गार, ही सारी एकाच पाण्याची रूपे. वाफ हवेत सरासरी आठ-दहा दिवसच टिकते. मग तिला खाली यावेच लागते.

आता विहिरीकडे या. ज्या पश्चिमेला एवढा पाऊस, तिथल्याच वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे कसे? आपल्या भागातला खडक काळा पाषाण. तो स्वतः पाणी पीत नाही. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. डोंगरउतारावर मुरूम पातळ आणि उतार तीव्र. पाऊस पडतो आणि रात्रीतून ओढ्याने निघून जातो. खाली जे थोडे मुरले, तेच पाझरत विहिरीत येते. फाल्गुनापर्यंत ते संपते. नारळ फोडून भेग रुंद होत नाही. उताराला आडवे चर खणले, बांध घातले, झाडे राखली, तर पाणी थांबते आणि मुरते. उलट, माती प्रमाणाबाहेर भिजली तर ती जड होते, तिची पकड सुटते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अशीच भिजलेली टेकडी आली आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. तोही कोणा देवीचा कोप नव्हता.

पृथ्वीवरचे सारे पाणी शंभर पेले मानले, तर सत्त्याण्णव पेले खारट. उरलेल्या तिनांतील दोन बर्फात गोठलेले. राहिलेले बहुतेक जमिनीच्या पोटात. नद्या-तळ्यांच्या वाट्याला चमचाभरच. हे पाणी नवे तयार होत नाही, तेच फिरत राहते. पूर्वी ते कोणाच्या घामात होते, कोणाच्या तळ्यात होते, हे कोणाला सांगता येईल? तरीही आपल्या स्पर्शाने ते विटाळते असे सांगणारे होते. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या हक्कावर उच्च न्यायालयाचा शिक्का पडायला १९३७ साल उजाडले.

आणि आपल्या जुन्नरच्या लेण्यांत पाहा. वर्षावासात भिक्खू तिथे राहत, म्हणून खडकात पाण्याची टाकी कोरली गेली. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्यांचे दान दिल्याचे तिथे लिहिले आहे. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाचे पोढीदान आहे. दात्यांत परदेशी होता, व्यापाराच्या वाटेवरचा माणूस होता. पाणी मात्र वाटेने येणाऱ्या प्रत्येकासाठी. कोरणाऱ्यांनी कारण ओळखले होते: पाणी न पिणारा एकसंध खडक निवडला की ते झिरपून जात नाही, तोंड लहान ठेवले की ऊन पोहोचत नाही आणि वाफ कमी होते.

या आषाढी पौर्णिमेनंतर एखाद्या रविवारी मुलांना लेण्याद्रीला न्या. आजीलाही बरोबर घ्या. टाक्याशी बसून पाणी कोठून उतरते, कोठे साठते, ते मुलांनाच शोधू द्या आणि त्यांनी सापडलेले आजीला सांगू द्या. घरी पिण्याचे पाणी मात्र पावसाळाभर उकळूनच घ्या.