पणजोबांचेच नाव पुन्हा पुन्हा

प्रश्न : आमच्या वंशावळीत एकच नाव चार वेळा येते. कोणता पुरुष कोण, हे कसे ठरवावे? (एक वाचक, कागल)

उत्तर : आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीतच आहे, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका. वडिलांचे नाव, पत्नीचे नाव आणि गट नंबर जुळला, तरच माणूस तोच समजा. सातबारा आणि फेरफारातील वारसनोंदी तलाठ्याकडे पाहा. जुनी मोडी कागदपत्रे कोल्हापूरच्या पुरालेखागारात शोधा. वंशावळ सांगणारा हेळवी दारी आला, तर त्याला मुळीच परत पाठवू नका. त्याच्या वहीत पिढ्यांचा क्रम असतो, आणि तो क्रमच तुम्हाला हवा आहे.

घरातली हाक आणि दत्तक, या दोन्ही ठिकाणी फार फसगत होते. तुमच्याच गावचे उदाहरण घ्या. कागलकर जयसिंगराव घाटगे म्हणजेच आबासाहेब, पिराजीराव म्हणजे बापूसाहेब. पिराजीरावांचे थोरले बंधू यशवंतराव १८७४ साली जन्मले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. घाटग्यांच्या शाखेत नुसते ‘शाहू’ शोधणाऱ्याला ते सापडायचेच नाहीत.

तुमच्या चौघांपैकी कुणी दत्तक आला होता का, हे आधी घरातल्या थोरल्या आत्यांना विचारा.